सिग्नल जनरेटर : आधी मोजा, मग उघडा

मोजणाऱ्यांचे मोजमाप – लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण रिसीव्हरची संवेदनशीलता पाहिली. साधारण ०.२५ मायक्रोव्होल्ट सिग्नलवर बोलणे नीट समजले, तर व्हीएचएफ संच ठाकठीक, असा ढोबळ निकष आपण धरला होता. हा ०.२५ मायक्रोव्होल्ट येतो सिग्नल जनरेटरमधून. मग जनरेटरच्या तबकडीवरचा आकडा खरा कशावरून?

दुकानातल्या वजनावर वैधमापन खात्याचा शिक्का नसेल, तर किलोभर साखर किलोभरच आहे याला आधार काय? जनरेटरचेही तसेच. तो ६ डेसिबल जास्त देत असेल, तर संचाला दुप्पट व्होल्टेज मिळते आणि बहिरा संच पास होतो. ६ डेसिबल कमी देत असेल, तर धडधाकट संच नापास ठरून टेबलावर उघडा पडतो.

आधी नोंद, मग ट्रिमर

कॅलिब्रेशन म्हणजे आतले ट्रिमर फिरवून आकडे जुळवणे, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ती तुलना असते. अधिक भरवशाच्या साधनाशी ताडून यंत्र किती चुकते आणि ही चूक आपण कितपत खात्रीने सांगतो, हे त्यात नोंदवायचे असते. जुळवणी हे त्यानंतरचे, वेगळे काम. यंत्र आले तसेच आधी मोजायचे, कारण मागच्या कॅलिब्रेशनपासून त्याच्यावर तपासलेल्या प्रत्येक संचाचा निकाल त्या आकड्यांवर उभा असतो. ट्रिमर आधीच फिरवला, तर तो पुरावा गेला. तुलनेची ही साखळी भारतात नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते.

८६४०बीची दुखणी

ह्युलेट-पॅकार्डचा ८६४०बी हा १९७०च्या दशकातला जनरेटर आजही हौशी रेडिओवाल्यांच्या टेबलांवर दिसतो. त्याचा पल्ला ५०० किलोहर्ट्‌झ ते ५१२ मेगाहर्ट्‌झ. मुळात आत एकच ऑसिलेटर आहे. धातूच्या पोकळीत बसवलेला हा ऑसिलेटर २३० ते ५५० मेगाहर्ट्‌झमध्ये चालतो. खालचे पट्टे मिळवण्यासाठी त्याच्या फ्रिक्वेन्सीला पुन्हा पुन्हा दोनने भागले जाते. ही रचना दुरुस्तीवाल्याच्या पथ्यावर पडते. २५६ ते ५१२चा पट्टा चालतो, पण एका ठिकाणापासून खालचे सगळे पट्टे मुके आहेत, असे दिसले तर तिथल्याच भाजकावर बोट ठेवता येते. सगळेच पट्टे मेले असतील, तर शोध ऑसिलेटरकडे किंवा त्याही आधी वीजपुरवठ्याकडे वळतो. म्हणून झाकण काढल्यावर पहिले काम पुरवठ्याची व्होल्टेज मोजण्याचे.

या यंत्राचे खरे दुखणे मात्र यांत्रिक आहे. पट्टा बदलणारी प्लॅस्टिकची दातेरी चक्रे वयोमानाने तडकतात आणि पट्टा-स्विचचे बारीक सरकते संपर्क निखळून पडतात. नॉब फिरते, पण आत काहीच हलत नाही. अनेकांनी पितळी चक्रे बसवून ही यंत्रे पुन्हा चालती केली आहेत. नॉब जड लागली, तर जोर लावू नये. आधी चक्रे पाहावीत.

फ्रिक्वेन्सी आणि पातळी

जनरेटरमधला क्रिस्टल वर्षागणिक सरकतो. दशलक्षात एक भाग एवढी चूक ५०० मेगाहर्ट्‌झवर ५०० हर्ट्‌झ होते. नव्या जनरेटरना बहुधा १० मेगाहर्ट्‌झ संदर्भाचे आउटपुट असते. ते ऑसिलोस्कोपवर घ्यावे आणि ट्रिगर जीपीएसशी बांधलेल्या ऑसिलेटरकडून द्यावा. लहर पडद्यावर १० सेकंदांत एक पूर्ण आवर्तन सरकली, तर फरक ०.१ हर्ट्‌झ, म्हणजे दहा कोटींत एक भाग. हे मोजण्याआधी यंत्र पुरेसे तापू द्यायला हवे.

पातळीचे काम अवघड. ५० ओहमवर १ मिलिवॉट म्हणजे ० डीबीएम, सुमारे ०.२२४ व्होल्ट. इथे पॉवर मीटर छान चालतो. डायोड सेन्सर उणे ७० डीबीएमपर्यंत साथ देतात. आपला ०.२५ मायक्रोव्होल्ट मात्र उणे ११९ डीबीएमवर बसतो. तिथे मोजणीचा खास रिसीव्हर हवा, नाहीतर पातळी पायरीपायरीने खाली आणणाऱ्या अटेन्युएटरचा प्रत्येक टप्पा सुटा मोजून बेरीज करावी लागते.

अटेन्युएटर जळण्याचे नेहमीचे कारण म्हणजे जनरेटर जोडलेला असताना वॉकी-टॉकीचे बटण दाबले जाणे. ५ वॉट उलटे आले की ५० ओहमवर जवळपास १६ व्होल्ट पडतात आणि आतले इवलेसे रोधक त्यात जळतात. मग ज्या पायऱ्यांत जळलेला टप्पा येतो, तेवढ्याच चुकतात. बाकीच्या बरोबर दिसतात, त्यामुळे दोष महिनोन्‌महिने लपून राहतो.

एफएम आणि गळती

एफएमचे डेव्हिएशन तपासण्याची एक देखणी युक्ती आहे. डेव्हिएशन भागिले मॉड्युलेशनची फ्रिक्वेन्सी २.४०५ झाले, की मधली वाहक लहर नाहीशी होते. जनरेटरला २,०७९ हर्ट्‌झचा सूर द्यावा, स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर पाहत डेव्हिएशन शून्यापासून वाढवत जावे. वाहक पहिल्यांदा गायब झाली, तिथे डेव्हिएशन ५ किलोहर्ट्‌झ. जनरेटरचा मीटर तिथे वेगळे काही दाखवत असेल, तर चूक मीटरची. ही कसोटी गणितावर उभी आहे, म्हणून तिला महागडे प्रमाण लागत नाही.

शेवटची तपासणी गळतीची. ८६४०बीच्या निर्मात्याची अट अशी : एक इंच व्यासाचा दोन वेढ्यांचा फास पेटीपासून एक इंचावर धरला, तर त्यात ३ मायक्रोव्होल्टपेक्षा कमी सिग्नल यावा. झाकणाचे चार स्क्रू परत लावले नाहीत किंवा कवचाची जाळीदार पट्टी दबली, तर ही अट मोडते. मग सिग्नल केबलऐवजी हवेतून रिसीव्हरमध्ये शिरतो आणि अटेन्युएटर कितीही अचूक असला, तरी आकडा खोटा ठरतो.

जुना जनरेटर घेणार असाल, तर तीन गोष्टी विक्रेत्यासमोरच करा. सगळे पट्टे फिरवून पाहा, पातळीच्या सगळ्या पायऱ्या एकेक करून रिसीव्हरवर ऐका, आणि झाकणाचे स्क्रू मोजा. पुढील लेखांकात पॉवर मीटर आणि त्याचे सेन्सर पाहू.