थंडीत विमान खाली का येते?

हिवाळा आला की खोबरेल तेलाची बाटली गोठते. उलटी धरली तरी थेंब पडत नाही. तेल कुठे गेले? कुठेच नाही. बाटलीतच आहे, पण बाहेर यायला तयार नाही. बाटली घटकाभर उन्हात ठेवा, की तेल पुन्हा वाहू लागते.

विजेच्या बॅटरीचेही थंडीत थोडेफार असेच होते. ते कसे, हे आज आपण पाहू. त्यासाठी आम्ही एका छोट्या विमानाचे उदाहरण घेणार आहोत.

हे विमान माणसांनी बसायचे नव्हे. ते हौसेचे विमान. पंखांची लांबी दोन-अडीच हात, अंग थर्मोकोलसारखे हलके, वजन किलोभर. नाकावर पंखा आणि पोटात बॅटरी. उडवणारा माणूस खाली जमिनीवर उभा असतो. त्याच्या हातात रेडिओचे यंत्र असते. यंत्राच्या दांड्या हलवल्या, की विमान वर चढते, वळते, उतरते. अमेरिका, कॅनडा, युरोप इकडे हा छंद फार जुना आहे. तिकडे हिवाळ्यात मैदाने बर्फाने झाकली जातात. मग ही मंडळी काय करतात? विमानाची चाके काढतात नि त्या जागी घसरपट्ट्या लावतात! काही ठिकाणी तर १ जानेवारीला मुद्दाम जमून कुडकुडत विमाने उडवतात. हौसेला मोल नसते म्हणतात, ते काही खोटे नाही.

आता अशा थंड सकाळी काय घडते ते पाहा. बॅटरी रात्री पूर्ण भरलेली आहे. विमान झोकात वर जाते. एरवी ते आठ मिनिटे उडते. आज मात्र चार-पाच मिनिटांतच पंखा बंद पडतो. उडवणारा कसाबसा विमान तरंगत खाली आणतो. बॅटरी काढून खिशात ठेवतो. थोड्या वेळाने मोजून पाहतो, तर तिच्यात तिसरा हिस्सा वीज शिल्लक! मग मघाशी ही वीज कुठे दडी मारून बसली होती?

याचे उत्तर बॅटरीच्या पोटात आहे. ही बॅटरी लिथियमची. लिथियम हा अगदी हलका धातू आहे. आपल्या मोबाइलमध्येही याच जातीची बॅटरी असते. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने ती प्रथम बाजारात आणली. तिच्या शोधाबद्दल २०१९ साली तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तिच्या आत दोन कोठारे आहेत असे समजा. मध्ये एक पातळ पडदा आहे, आणि सगळे एका द्रवाने भिजलेले आहे. लिथियमचे अतिसूक्ष्म कण एका कोठारातून निघतात, द्रवातून वाट काढतात आणि दुसऱ्या कोठारात शिरतात. हे चालले असताना बाहेरच्या तारेतून वीज वाहते आणि पंखा फिरतो. बॅटरी चार्ज करताना हेच कण उलटे, पहिल्या कोठारात परततात.

थंडीत तो द्रव दाट होतो. तेलासारखा गोठत नाही, पण जड होतो. कणांची चाल मंदावते. त्याहून मोठी अडचण कोठाराच्या दाराशी येते. द्रवातून कोठारात शिरणे कणांना थंडीत फार अवघड जाते. जत्रेत देवळाच्या अरुंद दाराशी गर्दी तुंबते ना, तसेच. माणसे भरपूर आहेत, पण एका वेळी थोडीच आत जातात.

तुम्ही म्हणाल, मग मोबाइल कसा चालतो? अहो, मोबाइल वीज घोट घोट पितो. विमान घटाघटा पिते. साबणाच्या वडीएवढी ती बॅटरी, पण तिच्याकडून विमानाचा पंखा जोरात असताना अडीचशे-पावणेतीनशे वॅट वीज ओढतो. आपल्या घरातला छताचा पंखा सुमारे ७५ वॅटचा असतो. म्हणजे एवढ्याशा वडीवर साडेतीन पंखे लावल्यासारखे झाले! दाराशी गर्दी होते ती या घाईमुळे.

आता थोडा हिशेब करू. पाण्याच्या टाकीत जसा पाण्याचा दाब, तसा बॅटरीत विजेचा दाब. तो व्होल्टमध्ये मोजतात. विमानाच्या बॅटरीत बहुधा तीन घर असतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येक घराचा दाब ४.२ व्होल्ट, तिन्ही मिळून १२.६. दाब ९ व्होल्टच्या आसपास उतरला, की विमानातले यंत्र पंख्याची वीज तोडते. नाहीतर बॅटरी कायमची बिघडते. शिवाय रेडिओसाठी आणि शेपटीची पाती हलवण्यासाठी थोडी वीज राखून ठेवावी लागते.

समजा, उडता उडता बॅटरी ११.२ व्होल्टवर आली आहे. उबेच्या दिवसात आतल्या अडथळ्यापायी पाऊण व्होल्ट दाब वाया जातो. उरले जवळजवळ साडेदहा. विमान मजेत उडते. थंडीत तो अडथळा तिप्पट झाला, तर सव्वादोन व्होल्ट आतल्या आतच जातात. उरले नऊहून कमी! यंत्राला वाटते बॅटरी संपली. ते पंखा बंद करते. खाली उतरल्यावर ओढ थांबते, दाब पुन्हा वर येतो, आणि शिल्लक वीज मोजमापात दिसू लागते.

लांब पंखांचे विमान पंखा थांबला तरी घारीसारखे तरंगत उतरू शकते. चार-सहा पंख्यांच्या ड्रोनला ते जमत नाही. त्याचा सगळा भार पंख्यांवरच असतो. पंखे मंदावले की ते खाली आलेच.

आणि ड्रोन आता आपल्या शिवारात आले आहेत. पिकांवर औषध फवारण्यासाठी ते वापरतात. २०२३ साली केंद्र सरकारने महिला बचतगटांना ड्रोन देण्याची ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. त्यांच्या बॅटऱ्याही लिथियमच्याच. आपल्याकडे कॅनडासारखी थंडी नाही, हे खरे. पण निफाडकडे द्राक्षांच्या पट्ट्यात काही वर्षी पारा पाच अंशांखालीही जातो. फवारणी पहाटे-सकाळी बरी, कारण वारा पडलेला असतो. नेमकी तीच वेळ सगळ्यांत गार!

मग उपाय काय? सोपा आहे. उडवेपर्यंत बॅटरी उबेत ठेवायची. थंड देशांतले लोक ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवतात, नाहीतर थर्मोकोलच्या डब्यात गरम कापडात गुंडाळतात. आपल्याकडे गोधडी आहेच. रात्रभर गाडीत किंवा शेतावरच्या खोपीत मात्र बॅटरी ठेवू नये. ऊब म्हणजे अंगाची ऊब, हे ध्यानात घ्या. चुलीजवळ किंवा गरम पाण्यात बॅटरी कधीही ठेवू नये. आग लागते. एकदा विमान उडू लागले, की बॅटरी कामाने आपोआप तापते. म्हणून पहिले अर्धे-एक मिनिट सबुरीने उडवावे, आणि रोजच्यापेक्षा लवकर उतरवावे.

उबेचे मोल किती, याचा एक दाखला सांगतो. अमेरिकेच्या नासा या संस्थेने ‘इंजेन्युइटी’ नावाचे पावणेदोन किलोचे हेलिकॉप्टर मंगळ ग्रहावर पाठवले. १९ एप्रिल २०२१ रोजी ते तिथे उडाले. पाच वेळा उडाले तरी पुरे, असे वाटत होते. ते ७२ वेळा उडाले! त्यात लिथियमच्या बॅटरीची सहा घरे होती. मंगळावरची रात्र शून्याखाली ऐंशी-नव्वद अंशांची. म्हणून दिवसा उन्हातून मिळवलेली बरीचशी वीज रात्री बॅटरी उबदार ठेवण्यातच खर्च होई. मे २०२२ मध्ये धुळीने ऊन कमी पडले, रात्रीची ऊब टिकली नाही आणि त्याचा संपर्क तुटला. तो दोन दिवसांनी पुन्हा जुळला. जानेवारी २०२४ मध्ये त्याची पाती मोडली आणि उडणे थांबले.

आता सर्वांत जपायची गोष्ट. गार बॅटरीने विमान उडवले, तर फार तर विमान लवकर खाली येते. बॅटरी उबेत आली की बहुधा पूर्वीसारखी होते. पण गार बॅटरी चार्ज केली, तर ती आतून बिघडते, आणि वरून काही दिसत नाही. चार्ज करताना कणांना कोठारात शिरायचे असते. दार तुंबलेले. आपण मागून लोटतच असतो. मग कण आत न जाता दाराबाहेरच धातू होऊन साचतात. असे साचलेले लिथियम बरेचसे पुन्हा कामाला येत नाही. बॅटरीची ताकद तेवढी कायमची घटते. त्या धातूला सुयांसारखे टोकदार कोंबही फुटू शकतात. कोंबाने मधला पडदा फोडला, की आतल्या आत तारा जुळल्यासारखे होते आणि बॅटरी पेट घेते. कधी त्याच दिवशी, कधी पुढे.

म्हणून शून्य अंशाखाली लिथियमची बॅटरी कधीच चार्ज करू नये. हाताला गार लागत असेल, तरीही थांबावे. थंडीतून आणलेली बॅटरी घरात तास-दोन तास ठेवावी. वरून ऊब लागली तरी पोटात गारवा असतो. दव धरले असेल तर पुसून घ्यावे. चार्जिंग चालू असताना जवळ कुणीतरी असावे. बॅटरी फुगलेली दिसली, तर ती पुन्हा लावू नये.

एवढे ऐकून थंडी बॅटरीची वैरीण आहे असे मात्र समजू नका. नुसती ठेवायची असेल, तर गारवा तिला मानवतो. गारव्यात ती सावकाश म्हातारी होते. उन्हाच्या झळेत पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी लवकर फुगते. महिनाभर काम नसेल, तर ती अर्धी भरून, प्रत्येक घर ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून, गार आणि कोरड्या जागी ठेवावी. काम निघाले, की आदल्या संध्याकाळी उबेच्या खोलीत आणावी आणि मग चार्जरला लावावी.