दगडखाणीतील कसब आणि कागद: सक्षमता नेमकी कशी मोजली जाते?

लव्हाल (क्वेबेक) : माँट्रियलच्या उत्तरेस इल जेझू या बेटावर वसलेले लव्हाल हे शहर १९६५ मध्ये चौदा नगरपालिका एकत्र करून निर्माण झाले. बेटाच्या पोटात चुनखडकाचे थर आहेत. जुन्या माँट्रियलच्या करड्या दगडी इमारतींना याच परिसरातील चुनखडकाने रूप दिले आणि आजही येथील खाणींतून रस्त्यांसाठी व काँक्रीटसाठी खडी निघते. अशा खाणीत सुरुंग कोणी भरावा, पोकलेन कोणी चालवावे आणि कामावर देखरेख कोणी करावी, हे ठरविण्याची पद्धत भारतातून आलेल्या माणसाला प्रथमदर्शनी गोंधळात टाकते. शिक्षण, परवाना आणि सक्षमता या तीन वेगळ्या गोष्टी एकच मानल्या जातात, हे त्या गोंधळाचे मूळ आहे.

तीन वेगळ्या कसोट्या

पदवी किंवा पदविका माणसाने काय शिकले ते सांगते. परवाना कायद्याने कोणते काम करण्यास मुभा आहे ते सांगतो. सक्षमता मात्र तो माणूस प्रत्यक्ष कामावर, ठरलेल्या मानकानुसार आणि पुनःपुन्हा ते काम सुरक्षितपणे करू शकतो का, एवढेच विचारते. सुरुंगाच्या छिद्रांमधील अंतर कागदावर अचूक काढणारा अभियंता खडकातील फट पाहून तो हिशेब बदलू शकेलच असे नाही. उलट ती फट नजरेने ओळखणाऱ्या कामगाराकडे एकही प्रमाणपत्र नसू शकते.

या तिसऱ्या कसोटीला पद्धतशीर रूप देण्याचे काम ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणावर झाले. १९८६ मध्ये तेथे राष्ट्रीय व्यावसायिक पात्रतेची चौकट उभी राहिली. तिच्यात वर्गातील परीक्षेपेक्षा कामाच्या जागेवरील पुराव्याला महत्त्व आहे. मूल्यमापक कामगाराला काम करताना पाहतो, प्रश्न विचारतो, सहकाऱ्यांची व वरिष्ठांची साक्ष नोंदवितो. निकालात टक्के नसतात. 'सक्षम' किंवा 'अद्याप सक्षम नाही' एवढेच लिहिले जाते. यातील 'अद्याप' हा शब्द महत्त्वाचा, कारण उणीव भरून काढून तोच घटक पुन्हा तपासून घेता येतो. मूल्यमापकाच्या निर्णयाचीही दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळणी होते.

भारतातील चित्र

भारतात १९५२ चा खाण कायदा, १९६१ ची धातू खाण विनियमावली आणि १९६६ चे खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियम यांनी ही चौकट घडविली. खाण कायदा पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावून घेण्यात आला. धनबाद येथील खाण सुरक्षा महासंचालनालय मेट, ब्लास्टर, फोरमन आणि व्यवस्थापक यांना परीक्षेनंतर सक्षमता प्रमाणपत्रे देते.

मात्र १९५२ च्या कायद्यातच एक मोठी पळवाट होती. मुरूम, वाळू, बांधकामाचा दगड, खडी अशा खनिजांची उघडी खाण सहा मीटरपेक्षा खोल नसेल, एका दिवशी पन्नासपेक्षा अधिक माणसे कामावर नसतील आणि स्फोटके वापरली जात नसतील, तर कायद्यातील बहुतेक तरतुदी तिला लागू होत नसत. महाराष्ट्रात पहार, घण आणि छिन्नी पिढ्यान्‌पिढ्या हाताळणाऱ्या वडार समाजातील अनेकांचे आयुष्य अशाच लहान खाणींवर गेले. त्यांचे कसब मुकादमाला ठाऊक असते, पण सरकारी दप्तरात त्याची नोंद नसते. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर झाला आणि पूर्वानुभवाची तपासणी करून प्रमाणपत्र देण्याची सोय पुढे आली. खाण क्षेत्रासाठी स्वतंत्र कौशल्य परिषदही आहे. तरीही अल्प मुदतीच्या तपासणीतून मिळालेला कागद आणि कामाच्या जागेवर दीर्घकाळ जमविलेला पुरावा यांचे वजन सारखे मानता येत नाही.

क्वेबेकची वाट

क्वेबेकमध्ये खडक फोडण्यासाठी छिद्रे पाडणे व सुरुंग लावणे यांचा स्वतंत्र व्यावसायिक पदविका अभ्यासक्रम आहे. सुरुंग उडविणाऱ्याला येथे 'बूतफ' म्हणतात आणि त्याच्यासाठी वेगळे प्रमाणपत्र असते. स्फोटकांचा परवाना प्रांतिक पोलीस दल, म्हणजे सुरते द्यु क्वेबेक, देते. दोन्ही कागदांचे प्रयोजन निराळे आहे: एक कौशल्याविषयी बोलतो, दुसरा स्फोटके बाळगण्याच्या अनुमतीविषयी.

ज्यांच्याकडे अनुभव आहे पण क्वेबेकची पदविका नाही, त्यांच्यासाठी 'पूर्वार्जित ज्ञान व सक्षमता यांची मान्यता' ही सोय आहे. उमेदवार कागदपत्रे सादर करतो, तज्ज्ञांशी त्याची मुलाखत होते, आवश्यक तेथे प्रत्यक्ष चाचणी घेतली जाते आणि उरलेले तेवढेच भाग शिकावे लागतात. विदेशी पदवीचे जे तौलनिक मूल्यमापन प्रांताचे स्थलांतर मंत्रालय करते, ते केवळ मत असते. त्याने कोणतेही काम करण्याचा परवाना मिळत नाही. नागपूरहून खाण अभियांत्रिकीची पदवी घेऊन आलेल्याला क्वेबेकमध्ये 'अभियंता' म्हणून काम करायचे असल्यास प्रांताच्या अभियंता मंडळाकडेच जावे लागते.

देखरेख करणाऱ्यांची जबाबदारी

हा विषय केवळ खाणकामगारांचा नाही. क्वेबेकच्या कामगार सुरक्षा कायद्यानुसार कामगाराला योग्य प्रशिक्षण, सराव आणि देखरेख पुरविणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ९ मे १९९२ रोजी नोव्हा स्कोशियातील वेस्ट्रे कोळसा खाणीत स्फोट होऊन २६ जणांचा मृत्यू झाला. चौकशी अहवालाने व्यवस्थापनावर आणि प्रशिक्षणातील उणिवांवर कठोर बोट ठेवले. त्या दुर्घटनेतून पुढे आलेली आणि ३१ मार्च २००४ पासून लागू झालेली फौजदारी संहितेतील तरतूद काम नेमून देणाऱ्या प्रत्येकावर इजा टाळण्यासाठी वाजवी उपाय करण्याचे बंधन घालते. खाण, रस्ते व बांधकाम क्षेत्रांत पर्यवेक्षक किंवा प्रकल्प व्यवस्थापक म्हणून काम करणाऱ्या मराठी अभियंत्यांनाही ते लागू होते. चालकाचे ओळखपत्र पाहून सही करणे म्हणजे त्याची सक्षमता तपासणे नव्हे.

नवागतांसाठी यातून व्यावहारिक बोध निघतो. भारत सोडण्यापूर्वी जुन्या मालकाकडून केवळ 'पाच वर्षे काम केले' असे पत्र न घेता कोणते यंत्र, कोणत्या प्रकारचा खडक, कोणती कामे आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे सविस्तर लिहून घ्यावे. प्रशिक्षणाच्या नोंदी आणि मूळ प्रमाणपत्रे जपावीत. फ्रेंच भाषेची तयारी आधीच सुरू करावी, कारण 'थांबा, सुरुंग लावला आहे' ही सूचना समजणे हाही सक्षमतेचाच भाग आहे.