साखळीच्या पोटातली धूळ

दसऱ्याच्या सकाळी आपल्याकडे सायकलीला जो मान मिळतो, तो वर्षाच्या इतर दिवशी क्वचितच तिच्या वाट्याला येतो. अंगणात किंवा चाळीच्या नळापाशी तिला उभी करून तिच्यावर बादलीभर पाणी ओतले जाते, मडगार्डाखाली पावसाळाभर साचून वाळलेला चिखल काडीने उकरून काढला जातो, रिमा फडक्याने लखलखीत होतात, हँडलला झेंडूची माळ चढते, हळदकुंकू वाहिले जाते, आणि या सगळ्या सोपस्काराच्या अखेरीस घरातले कोणी वडीलधारे तेलाची बुधली उचलून साखळीवर एक सढळ धार धरतात. या पूजेमागची कृतज्ञता अगदी खरी आहे, आणि ज्या वाहनाने वर्षभर आपल्याला कचेरीत, शाळेत, मळ्यात आणि मंडईत नेऊन पोचविले, त्याच्यापुढे एक दिवस हात जोडणे योग्यच आहे. परंतु ती शेवटची धार मात्र साखळीच्या सेवेत न पडता तिच्या झिजेत भर घालते. धूळ, चिखल आणि जुने काळे तेल अंगावर वागविणाऱ्या साखळीला आधी स्वच्छ न करता वरून नवे तेल पाजणे हा आपल्याकडील सर्वांत रूढ उपचार आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत घातक आहे.

याचे कारण समजून घ्यायचे, तर साखळीच्या अंतरंगात डोकावले पाहिजे. हान्स रेनॉल्ड या जन्माने स्विस असलेल्या अभियंत्याने इंग्लंडातील मँचेस्टर शहरी १८८० साली जी रोलरची साखळी सिद्ध केली, आणि कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली याच्या १८८५ सालच्या ‘रोव्हर’ सायकलीने मागचे चाक साखळीच्या योगे फिरविण्याची जी पद्धत रूढ केली, तीच व्यवस्था थोड्याफार फरकाने आज आपल्या काळ्या, उंच, दणकट सायकलीत नांदते आहे. या साखळीच्या प्रत्येक सांध्यात एक पोलादी पिन असते, पिनेभोवती बारीक नळीसारखे बुश असते, बुशाभोवती मोकळा फिरणारा रोलर असतो, आणि हे सारे दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांनी आवळून धरलेले असते. एका पिनेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचे अंतर बरोबर अर्धा इंच. रोलर दात्यावर बसतो ते आपल्याला दिसते आणि म्हणून साखळीचे काम तेथेच चालते असा आपला समज होतो. वास्तविक साखळी दातेरी चक्रावर चढताना वाकते आणि उतरताना सरळ होते, त्या प्रत्येक वेळी पिन बुशाच्या आत किंचित फिरते, आणि स्वाराच्या पायांचे सारे बळ त्या क्षणी त्या दृष्टीआडच्या घर्षणावर पडलेले असते. तेलाची गरज आहे ती तेथे. पट्ट्यांच्या बाहेरच्या अंगाला लागलेले तेल सायकलीच्या कोणत्याही उपयोगाचे नाही. ते केवळ रस्त्यावरची धूळ धरून ठेवते आणि पायजम्याची कड काळी करते.

आणि धूळ म्हणजे नुसती मऊ माती नव्हे. तिच्यात गारगोटीचे इतके सूक्ष्म कण असतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण पोलादाला चरे पाडण्याइतके ते कठीण असतात. हे कण तेलात मिसळले म्हणजे सहाणेवर चंदन उगाळावे तसा व्यापार पिनेच्या आणि बुशाच्या मध्ये अहोरात्र सुरू होतो, आणि उगाळले जाते ते पिनेचे पोलाद. माखलेल्या साखळीवर आपण नवे, पातळ तेल सोडतो तेव्हा ते बाहेरचा घट्ट झालेला मळ सैल करते आणि त्यालाच बरोबर घेऊन आत शिरते.

हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकविले नाही. पुण्यात शिकत असताना सदाशिव पेठेतील खोलीपासून डेक्कन जिमखान्यापलीकडे रोज जाण्यायेण्याचे माझे वाहन सायकलच होते, आणि दर रविवारी न चुकता साखळीला तेल देण्याचा माझा नेम होता. दोन वर्षांच्या आतच चढावर जोर दिला की साखळी दात्यांवरून सटकू लागली. कोपऱ्यावरच्या दुकानातील वृद्ध मिस्त्रींनी साखळी उतरवून एका टोकाशी आडवी धरली, तेव्हा ती कोवळ्या फांदीसारखी बाजूला लवत खाली गेली. मी म्हणालो, “मिस्त्री, मी तर दर आठवड्याला तेल देतो.” ते म्हणाले, “बाळ, हात पुढं कर,” आणि साखळीवरचा काळा चिकटा त्यांनी माझ्या अंगठ्यावर ठेवून तर्जनीने चोळायला सांगितला. मऊ, गुळगुळीत लागेल अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दोन बोटांमध्ये बारीक रवा करकरावा तसा स्पर्श झाला. “तेल दिलंस ते बरं केलंस, फडकं कधी दिलंस?” एवढेच ते बोलले. त्या दिवशी साखळीबरोबर पुढचे चेनव्हील आणि मागचे फ्रीव्हीलही बदलावे लागले, कारण त्यांचे दाते झिजून आकड्यासारखे वाकडे झाले होते.

साखळी ‘ताणली गेली’ असे आपण म्हणतो खरे, पण पट्ट्यांचे पोलाद काही लांबत नाही. प्रत्येक सांध्यात जी किंचित पोकळी पडते, तिची बेरीज होऊन साखळी लांब भरते. ही बेरीज घरच्या फूटपट्टीने मोजता येते. साखळीचा खालचा पदर ताणून एका पिनेच्या मध्यावर शून्य धरले, तर नव्या साखळीत तिच्या पुढची चोविसावी पिन नेमकी १२ इंचांवर येते. ती एक-सोळांश इंच पुढे सरकलेली दिसली, तर साखळी बदलण्याची मुदत जवळ आली असे समजावे. एक-अष्टमांश इंच सरकली असेल, तर बहुधा दाते सुद्धा खराब झालेले असतात आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. एक-सोळांशाची झीज चोवीस सांध्यांवर वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे एका केसाची जाडी येते. इतक्या अल्प कारणाने एवढी मजबूत वस्तू निकालात निघते.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९९९ च्या सुमारास साखळीवर काही प्रयोग झाले, त्यांचा निष्कर्ष या संदर्भात मला फार उद्बोधक वाटतो. अनुकूल स्थितीत साखळी पायांच्या बळापैकी ९८ टक्क्यांहूनही अधिक भाग चाकापर्यंत पोचविते असे तेथे आढळले, आणि प्रयोगशाळेच्या स्वच्छ वातावरणात निरनिराळ्या वंगणांमुळे त्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. रस्त्यावरच्या साखळीला तेल नको, असा याचा अर्थ कोणी काढू नये. गंज अडविणे आणि सांध्याची झीज थोपविणे हे काम तेलालाच करायचे आहे. पण ज्या घटकाचा त्या प्रयोगशाळेत अभाव होता आणि आपल्या रस्त्यावर सुकाळ आहे, तो घटक म्हणजे धूळ. तेव्हा आधी बंदोबस्त करायचा तो धुळीचा.

किती दिवसांनी, या प्रश्नाचे उत्तर पंचांगापेक्षा हवामानावर अवलंबून आहे. देशावर कोरड्या दिवसांत रोज सात-आठ मैलांची ये-जा करणाऱ्याने आठवड्यातून एकदा साखळी कोरड्या फडक्याने पुसावी, आणि दोन-तीन आठवड्यांनी, म्हणजे साधारण दोनशे-अडीचशे किलोमीटरांनंतर, तेल द्यावे. पावसाळ्यात हा हिशेब कोलमडतो. पाणी सांध्यातले तेल धुऊन नेते आणि एका रात्रीत पट्ट्यांवर तांबूस छटा दिसू लागते. म्हणून भिजून आल्यावर कितीही कंटाळा आला, तरी साखळीवरून फडके फिरविल्यावाचून सायकल भिंतीला टेकवू नये, आणि ती सुकल्यावर, फार तर दुसऱ्या सकाळी, तेल द्यावे. मालवण, वेंगुर्ले, पणजी अशा किनाऱ्यावरच्या गावांत हवाच खारी असल्याने तेथे ऊन-पावसाचा भेद न करता हीच दक्षता बाळगावी लागते. दोन-तीन महिन्यांनी साखळी उतरवून धुवावी आणि वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, दुकानात ज्याला ‘ओव्हरऑइल’ म्हणतात, ते करून घ्यावे: त्यात चाकांचे आणि पायडलांच्या आसाचे छरे काढून धुतात, फुटके बदलतात आणि नवे ग्रीस भरतात.

बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचे वंगण देण्याची आपली वहिवाट जुनी आहे, आणि त्या संस्कारामुळेच की काय, सायकलीलाही स्वयंपाकघरातले तेल चालेल असे पुष्कळांना वाटते. खोबरेल पुण्या-नाशिकच्या थंडीत थिजते. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल हवा लागून काही दिवसांत चिकट होते आणि सांधे मोकळे करण्याऐवजी जखडते. मोटारीतून काढलेले वापरलेले तेल फुकट मिळते म्हणून घालतात, पण त्यात काजळी आणि धातूचे कण असतात, म्हणजे जे घालवायचे तेच पुन्हा आत जाते. शिवणयंत्राचे तेल आत लवकर मुरते, मात्र लवकर निघूनही जाते. नियमाने देणाऱ्याला ते पुरते. पावसाळ्यासाठी दुकानात मिळणारे थोडे घट्ट सायकल-तेल अधिक टिकते.

सायकलीच्या बाकीच्या अंगाबद्दल फार सांगण्याची गरज नाही. बादलीभर पाणी, थोडा साबण आणि मऊ फडके एवढ्यावर ती स्वच्छ होते. मात्र नळीने जोराची धार चाकांच्या मधोमध किंवा पायडलांच्या आसावर कधीही मारू नये, पाणी ग्रीसमध्ये शिरते. आणि तेलाचा हात रिमेला लागू देऊ नये; आपल्या दांड्यांच्या ब्रेकचे रबर रिमेच्या आतल्या बाजूला दाबले जाते, तेथे तेलाचा ओघळ पोचला, तर उतारावर ब्रेक लागत नाही आणि जिवावर बेतते.

साखळी धुण्याचे काम मात्र सावकाश करावे. चेनकव्हर सोडवून, साखळीच्या जोडकडीवरचा माशाच्या आकाराचा लॉक पकडीने अलगद सरकवून काढावा आणि तो डबीत ठेवावा, कारण हा इवलासा तुकडा मातीत पडला की सापडत नाही. साखळी एखाद्या रिकाम्या डब्यात रॉकेलमध्ये बुडवावी. रॉकेल हल्ली सहजी मिळत नाही, तेव्हा डिझेल चालेल, पेट्रोल मात्र त्याच्या वाफा पेट घेतात म्हणून कटाक्षाने टाळावे. तासाभराने डबा हलवून, दात घासण्याच्या जुन्या ब्रशने एकेक सांधा वाकवीत घासावा, काळे झालेले द्रव वेगळ्या भांड्यात काढून ताज्या द्रवात साखळी पुन्हा खळबळावी, आणि ती निथळून, पुसून, उन्हात पूर्ण सुकू द्यावी. ओल राहिली, तर तेल आत शिरत नाही. तेवढ्या वेळात फ्रीव्हीलच्या दात्यांमधला मळ चिंधीने काढून घ्यावा. साखळी परत चढविताना लॉकचे बंद टोक साखळीच्या जाण्याच्या दिशेकडे असावे, उलट बसविला तर तो वाटेत निसटू शकतो. साखळीच्या पदराला मध्यावर बोटाने वरखाली केले असता सुमारे अर्धा इंच ढिलाई जाणवली पाहिजे. मग सायकल स्टँडवर लावून, पायडल उलटे फिरवीत, खालच्या पदराच्या आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडावा, दोन-तीन मिनिटे पायडल फिरवावे, शक्य तर रात्रभर तेल मुरू द्यावे, आणि सकाळी बाहेरचे सारे तेल कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. हात लावला असता बोटाला जेमतेम ओशटपणा जाणवेल इतकेच तेल बाहेर उरावे.

काळे झालेले रॉकेल मोरीत ओतू नये. ते बाटलीत भरून एक-दोन दिवस न हलविता ठेवले, की मळ तळाला बसतो आणि वरचे निवळ रॉकेल पुढच्या खेपेला उपयोगी पडते. तळाचा गाळ जाड कागदावर घेऊन उन्हात वाळवावा आणि कागदाखालून एकदा लोहचुंबक फिरवून पाहावा: त्या काळ्या भुकटीतले काही कण चुंबकाबरोबर सरकू लागतात, आणि उन्हाकडे धरले असता त्यांतले एखाददुसरे चमकते.