ट्रकला ताप येतो तेव्हा!

दिवाळीच्या धांदलीत घरोघर कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. त्या कुकरच्या पोटात जे चालते तेच थोड्याफार फरकाने मालट्रकच्या बॉनेटखाली चालते, असे सांगितले तर आमच्या भगिनींना नवल वाटेल. पण खरोखर तसेच आहे.

उघड्या भांड्यातले पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. कुकरमध्ये वाफ कोंडली की आतला दाब वाढतो, तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत चढते आणि डाळ लवकर शिजते. रेडिएटरचे टोपण हीच युक्ती करते. मात्र शिजवण्यासाठी नव्हे, तर उकळी लांबवण्यासाठी. पाणी उकळले की इंजिनाच्या तापल्या भिंतींना पाण्याऐवजी वाफ लागते, आणि उष्णता वाहून नेण्याच्या कामी वाफ अगदीच कुचकामी!

मी जन्मभर तंत्रशाळेत पोरांना इंजिने शिकवली. त्यामुळे घरात कोणाची गाडी अडली की माझी आठवण होते. माझा पुतण्या जुन्या ट्रकने लासलगावचा कांदा मुंबईला नेतो आणि परतताना मिळेल तो माल आणतो. ह्या परतीच्या खेपेत कसारा घाट चढताना ट्रक उकळू लागला. आधी क्वचित, मग दर खेपेला. एकदा क्लीनर पोराने घाईघाईने टोपण फिरवले आणि त्याचे मनगट भाजले. भाजणारच! दाबाखाली १०० अंशांच्या वर गेलेले पाणी दाब सुटताच एकदम वाफ होऊन उसळते. वरचा रबरी होज हाताला मऊ लागेपर्यंत टोपणाला शिवू नये, हा नियम प्रत्येक ट्रकच्या दारावर रंगवायला हवा.

मिस्त्रीने पाहताक्षणी निदान केले, "हेड गॅसकेट उडालं. हेड खोलावं लागेल."

"काका, गाडी आठवडाभर उभी राहिली तर बँकेचा हप्ता कुठून भरू?" पुतण्या रडकुंडीला आला होता.

मी एक दिवस मागून घेतला. गॅसकेट फुटले असेल तर त्याच्या खुणा असतात. गार इंजिन टोपण काढून चालू करावे. सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसत असेल तर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतच राहतात. टोपण लावून चालू केल्यास पाणी तापण्याआधी, मिनिटादोन मिनिटांतच, वरचा होज टणक होतो. आमच्या ट्रकला यांपैकी काहीच नव्हते.

मग हातपंप आणवला. सायकलच्या पंपासारखाच, वर दाबाचा काटा असलेला. गार रेडिएटर काठोकाठ भरून त्यावर तो बसवला आणि टोपणावर कोरलेल्या आकड्याइतकाच, म्हणजे ०.९ किलो, दाब दिला. त्याहून जास्त देऊ नये. जुन्या रेडिएटरचे सांधे उकलतात. पंधरा मिनिटे काटा जागचा हलला नाही. म्हणजे गळती बाहेर नाही आणि आतही नाही. शेवटी टोपणच पंपाला जोडून पाहिले, तर ते ०.३ वरच फुस्स! ०.९ किलो दाबाला पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळते, ०.३ ला १०७ च्या आसपास. शिवाय घाटमाथ्यावर हवाच विरळ, तिथे आणखी दोनेक अंश कमी.

नवे टोपण लावले आणि उकळणे थांबले. मिस्त्री खूश झाला. मी मात्र नव्हतो. कारण घाटात काटा पूर्वीइतकाच, १०५ पर्यंत, चढत होता. उकळणे वेगळे आणि तापणे वेगळे! चांगल्या टोपणाने फक्त बोंब बंद केली होती. ताप तसाच राहिला असता तर पुढे गॅसकेट खरोखरच गेले असते.

फॅन बेल्ट ताठ होता, पंप गळत नव्हता. थर्मोस्टॅट तर पूर्वीच कोणीतरी काढून फेकलेला! "गाडी गार राहते" म्हणून हे सर्रास करतात. त्याने हिवाळ्यात इंजिन थंड राहून झिजते, डिझेल जास्त खाते. आणि काही इंजिनांत तर गरम पाणी रेडिएटर चुकवून आडवाटेने परत फिरते, म्हणजे ताप उलट वाढतो. तो नवा बसवला. आधी पातेल्यातल्या पाण्यात टाकून ८० अंशांच्या सुमारास उघडतो ना, हे पाहून घेतले.

खरा चोर सापडला तो तळहाताला. इंजिन तापवून बंद केले, पंखा थांबल्यावर रेडिएटरच्या जाळीवरून जपून हात फिरवला. वरचा भाग चटका देणारा, खाली उजवीकडे मोठा पट्टा गारेगार. तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नव्हते. वर्षानुवर्षे बोअरिंगचे जड पाणी भरलेले. कुकरच्या तळाशी बसतो तोच पांढरा थर! कारागिराने झाळलेली टाकी सोडवून एकेका नळीतून सळई घातली, तेव्हा निघालेली खपली ओंजळभर भरली. ह्या कामाला दीड दिवस लागला. पुढे शुद्ध पाण्यात कूलंट मिसळून भरले.

त्यानंतरच्या खेपेला भरल्या गाडीने इगतपुरी गाठेपर्यंत काटा ९० च्या पुढे गेला नाही. जुने टोपण मी मागून घेतले आहे. त्याच्या रबराला नखाएवढी खाच आहे.