कणगीतलं पाखरू कोणतं?



आमच्या गटानं रब्बीसाठी ज्वारीचं बियाणं एकत्र ठेवलं होतं. श्रावणात कणगी उघडली तर बारकी पाखरं उडाली. आम्ही धान्य चाळलं. अळी नाही, जाळी नाही. मीच म्हणाले, "काही नाही, ठेवा परत." पेरणी झाली आणि बरंचसं बी उगवलंच नाही. आम्ही खूण शोधत होतो एका पाखराची, आणि पाखरू होतं दुसरंच.

आपल्या धान्यात प्रामुख्यानं दोन पाखरं दिसतात. दोन्ही पतंगच, पण घराणी वेगळी.

पहिला पतंग राखाडी, जरा मोठा. याची अळी दाण्याच्या बाहेर राहते. रेशमासारखे धागे काढून दाणे, पीठ, रवा एकमेकांना चिकटवते. गुठळी दिसली की हा ओळखावा. शास्त्रात याला कॉर्सायरा म्हणतात.

दुसरा वाळलेल्या कडब्याच्या रंगाचा. पंख पसरले तरी दीड सेंटिमीटरच्या आतबाहेर. मागचे पंख टोकदार, त्यांना लांब केसांची झालर. याचं नाव सिटोट्रोगा. कपाशीच्या गुलाबी बोंडअळीचा पतंग याच्याच घराण्यातला. बोंडअळी जशी बोंडात लपते, तशी याची अळी दाण्यात लपते. अंड्यातून निघाली की दाण्यात शिरते, आतला गर खाते, आतच कोष करते. म्हणून चाळणीत काही सापडत नाही. पतंग निघून गेल्यावर दाण्याला गोल भोक तेवढं राहतं.

सोंड्यानंही दाण्याला भोक पडतं. पण सोंडा म्हणजे काळपट, सोंडेचा किडा. तो चालताना दिसतो आणि चाळणीत सापडतो.

मग ओळखायचं कसं? सोप्या तीन गोष्टी करा. एक, मेलेलं पाखरू पांढऱ्या कागदावर ठेवून रंग आणि झालर बघा. दोन, मूठभर दाणे पाण्यात टाका, पोकळ दाणे वर तरंगतील. तीन, बियाणं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. चार-पाच दिवसांनी किती उगवले ते मोजा. ही मोजणी पेरणीच्या आधी करा, आमच्यासारखी नंतर नको.

या दुसऱ्या पतंगाची लागण शेतातच, कणसं पिकताना सुरू होऊ शकते. म्हणून मळणी लांबवू नका. दाणा दाताखाली कटकन फुटेल इतका वाळवा. कोठी काठोकाठ भरा आणि झाकण घट्ट लावा. हा पतंग नाजूक असतो, भरलेल्या धान्यात खोल शिरत नाही. त्यामुळे बहुतेक नुकसान वरच्या थरात होतं. तपासणीही तिथूनच सुरू करा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या कोठीतलं एक पाखरू काडेपेटीत घालून आणा. एकत्र बसून बघू, कोणाच्या घरी कोण मुक्कामाला आलंय!