पिशवी कुठे अडकवायची?

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या प्रत्येक मराठी बाईकडे सायकलवरून पडल्याची एक गोष्ट असतेच. माझी गोष्ट आम्स्टेलवेनमधली आहे आणि तिला कारण सायकल नव्हती, पिशवी होती.

आठ वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो. सांगलीच्या शाळेत मी मराठी शिकवत होते, ते सोडून आले. लेक चार वर्षांची. तिची शाळा एका दिशेला, सुपरमार्केट दुसऱ्या आणि कढीपत्ता मिळणारं दुकान तिसऱ्याच. महिन्याभरात जुनी सायकल घेतली. सायकल चालवायला मला शिकायचं नव्हतं, पण सायकलवरून घर चालवायला शिकायचं होतं. त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तेव्हा माहीत नव्हतं.

सुरुवातीला सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये. दोन-तीन किलोपर्यंत ठीक. पाच किलो आटा घातला की खांदे भरून येतात, थंडीतही पाठ घामाने भिजते आणि वजन उंचावर असल्यामुळे वळताना तोल डगमगतो. त्यात इथली सपाट जमीन. वाऱ्याला अडवायला काही नाही. मग मी आपला भारतीय तोडगा काढला: पिशवी हँडलला.

दोन वर्षं निभावलं. एका दुपारी लेकीला शाळेतून घेऊन येत होते. ती आता सहा वर्षांची, माझ्या मागे स्वतःच्या छोट्या सायकलवर. हँडलला दुधाचे दोन कार्टन आणि बटाटे. कालव्यावरच्या पुलाच्या उतारावर पिशवीने झोका घेतला आणि ती पुढच्या चाकाच्या तारांत गेली. चाक जागच्या जागी थांबलं, मी थांबले नाही. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. ते बरं झालं. पण लेकीने सगळं पाहिलं होतं. प्लास्टर निघाल्यावर मी सायकल बाहेर काढली, तर ती रडायलाच लागली. “आई, तू चालत ये. मी पण चालते.” इथे मूल सायकलला घाबरलं तर त्याचं निम्मं जगच बंद होतं. मला मनगटापेक्षा त्याची धास्ती वाटली.

शेजारच्या डच आजीबाई, वय सत्तरीपुढचं, माझी सायकल बघायला आल्या. चाक फिरवून पाहिलं, ब्रेक दाबले आणि म्हणाल्या, सायकल उत्तम आहे, हँडल धरायला असतं. दुसऱ्या दिवशी मला सायकलच्या दुकानात घेऊन गेल्या.

दुकानात आधी माझ्या सायकलचं कॅरियर पाहिलं. कॅरियरवर किती किलो वजन चालतं ते बहुतेक वेळा छापलेलं किंवा कोरलेलं असतं. माझ्यावर २५ होतं. मुलाची मागची सीट त्यावर बसवली असेल, तर मुलाचं वजनही त्यातच धरायचं हे विसरू नका.

मग पिशव्या. एक प्रकार म्हणजे आपली पडशीच! दोन पिशव्या मधल्या पट्ट्याने जोडलेल्या, कॅरियरवर टाकायच्या, दोन्ही बाजूंना लोंबतात. ताडपत्रीसारखं जाड कापड. सायकलवरच राहतात, त्यामुळे चोरीची फारशी चिंता नाही, पण झाकण नीट लावलं नाही तर पावसाचं तळं साचतं. (एकदा कोथिंबीर अक्षरशः पोहत होती.) दुसऱ्या प्रकारात एकेक सुटी पिशवी आकड्यांनी कॅरियरच्या नळीला अडकवायची, उतरल्यावर काढून खांद्याला लावायची. तोंड तीन-चार वेळा गुंडाळून बंद केलं की आत थेंब जात नाही. लॅपटॉप घेऊन ऑफिसला जाणाऱ्यांनी हीच घ्यावी. मात्र दुकानातच स्वतःच्या सायकलला लावून बघावी, कारण इथल्या दणकट कॅरियरच्या नळ्या जाड असतात आणि काही आकडे त्यांवर बसत नाहीत.

मी पडशी घेतली. लगेच पैसे देणार, तर आजीबाई म्हणाल्या, आधी बसून पेडल मार. मारलं. प्रत्येक फेरीला टाच पिशवीवर आपटत होती. पिशवी चार बोटं मागे सरकवल्यावर थांबलं. माझे पाय काही मोठे नाहीत. नऊ-दहा नंबरचे बूट घालणाऱ्यांनी तर हे बघितल्याशिवाय घेऊच नये. जड सामान तळाला आणि दोन्ही बाजूंना सारखं, ही गोष्ट मात्र कुणी सांगावी लागली नाही.

कॅरियरवर रबराचे तीन पदरी पट्टे असतात, त्यांना स्नेलबिंडर म्हणतात. व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवले तर ते हसायलाच लागले. त्यांच्या सायकलच्या कॅरियरवर जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी असायची, दर रविवारी गिरणीतून दळणाचा डबा तिनेच बांधून यायचा. मागच्या चाकावरचे दोन बाजूंचे पडदेही मला फार आवडतात. लांब कोट तारांत जाऊ नयेत म्हणून केलेले. गणपतीला मी त्यांच्या भरवशावर साडी नेसून जाते.

लेकीला परत सायकलवर आणायला तीन आठवडे लागले. पहिल्या दिवशी रिकाम्या पिशव्या घेऊन फक्त गल्लीत. मग एका बाजूला एक बटाटा, दुसऱ्या बाजूला एक बटाटा. ते वजन तिने स्वतः भरायचं आणि माझ्या मागे यायचं. पुलावरून जायला तयार झाली त्या दिवशी आमच्याकडे साडेतीन किलो बटाटे होते. आठवडाभर रस्सा खाल्ला.

आता ती बारा वर्षांची. या उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मोठ्या शाळेत गेली, एकटी, सहा किलोमीटर. तिला पडशी नको होती, मैत्रिणींसारखा पुढे क्रेट हवा होता. मी वाद घातला, हरले. एक अट तेवढी मान्य करून घेतली: क्रेटचं कॅरियर हँडलला नव्हे, सायकलच्या सांगाड्याला जोडलेलं हवं. हँडल वळतं, क्रेट सरळ राहतो, त्यामुळे दप्तराचं वजन हातावर येत नाही. सुरुवातीला ते बघायला विचित्र वाटतं. उभी केल्यावर पुढचं चाक वळून सायकल आडवी होऊ नये म्हणून एक स्प्रिंग आणि दोन पायांचा स्टँडही बसवला.

पहिल्या दिवशी सकाळी आम्हाला उशीर झाला. दप्तर क्रेटमध्ये, त्यावर रबरी पट्टा. डब्याची पिशवी राहिलीच, म्हणून मी घाईघाईने तिच्या हँडलला लावली. तिने माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता ती काढून दप्तराशेजारी खोचली आणि निघाली.