मागून बुक केलेली गाडी आधी का येते?

(लेखमाला ‘गाडी घडते कशी’ : भाग ६)

गेल्या आठवड्यात आपण बॉडी शॉपमधून बाहेर पडलो तेव्हा गाडीला अजून रंग नव्हता आणि मालकही नव्हता. दोन्ही तिला आता मिळायचे आहेत, आणि ग्राहकाचं मन दुखावतं तेही नेमकं इथेच.

माझ्या मावसभावाने गेल्या वर्षी गाडी बुक केली. डिझेल, ऑटोमॅटिक, सनरूफ, गडद निळा. शेजाऱ्याने दीड महिन्यानंतर त्याच शोरूममध्ये तेच मॉडेल बुक केलं आणि आधी घरी आणलं. भाऊ शोरूममधल्या मुलावर भडकला, वशिल्याचा आरोपही करून आला. मला त्या मुलाचं वाईट वाटलं. शेजाऱ्याची गाडी पेट्रोल, मॅन्युअल आणि पांढरी होती, आणि सगळं उत्तर त्यातच होतं.

बुकिंग म्हणजे रेशनची रांग, पुढचा सरकला की आपला नंबर, अशी आपली समजूत असते. कारखान्यात अशी एकच रांग नसते. इंजिन, गिअरबॉक्स, व्हेरियंट, रंग यांच्या प्रत्येक जुळणीची रांग वेगळी. कोणत्या रांगेतून किती गाड्या उचलायच्या, हे प्लॅनिंगवाले आधीच ठरवतात.

ते ठरतं लाइनच्या ठोक्यावर. कारखान्यात त्याला टॅक्ट टाइम म्हणतात. समजा, चहा-जेवण वजा जाता शिफ्टमध्ये साडेसात तास काम होतं आणि ४५० गाड्या काढायच्या आहेत. म्हणजे मिनिटाला एक. प्रत्येक स्टेशनवरच्या कामगाराच्या हातात ६० सेकंद. सनरूफवाल्या गाडीला एखाद्या स्टेशनवर ८५ लागत असतील, तर अशा दोन गाड्या लागोपाठ आल्या की तो सरकत्या गाडीबरोबर पुढच्याच्या जागेत ओढला जातो. तिसरीही तशीच आली तर लाइन थांबवायची वेळ येते. म्हणून एका सनरूफमागे दोन-तीन साध्या गाड्या सोडतात. सगळ्यांनाच वरचं व्हेरियंट हवं असलं, तरी लाइन ते सलग देऊ शकत नाही.

पेंट शॉपचं म्हणणं बरोबर उलटं. रंग बदलला की फवारणीची यंत्रणा सॉल्व्हंटने धुवावी लागते, रंग वाया जातो. त्यामुळे तिथे एका रंगाच्या गाड्या एकापाठोपाठ हव्या असतात. एका शॉपला सारख्या गाड्या हव्यात, दुसऱ्याला सरमिसळ. हा पेच इतका अवघड आहे की रेनो कंपनीच्या कारखान्यांमधला हाच प्रश्न २००५ साली एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत गणितज्ञांना सोडवायला दिला होता. कमी मागणीचा गडद निळा पुरेशा ऑर्डरी जमेपर्यंत मागे राहतो, तो यामुळे.

चाकणच्या बाजूच्या एका कारखान्यात मी ट्रिम लाइनवर तासभर उभा होतो. प्रत्येक बॉडीच्या पुढच्या भागावर कोडच्या ओळींचा कागद चिकटवलेला. सीट व्हेंडरकडून येतात त्या गाड्यांच्या क्रमानेच ट्रकमध्ये भरून. बेज सीट उचलून कामगार वळला, तेव्हा त्याच्यासमोर बेज डॅशबोर्डचीच गाडी येऊन ठेपली होती. हा क्रम आधीच गोठवलेला असतो. त्यानंतर तुम्ही शोरूमला फोन करून रंग बदलून मागितलात, तर लाइनवरची गाडी बदलत नाही. ती दुसऱ्या कुणाच्या नावावर जाते.

त्यात एखादा भाग आला नाही की सगळं गणित विस्कटतं. सप्टेंबर २०२१ मध्ये चिपच्या टंचाईमुळे हरियाणा आणि गुजरातमधलं उत्पादन नेहमीच्या साधारण ४० टक्क्यांवर येईल, असं मारुती सुझुकीने जाहीर केलं होतं. पुढच्याच महिन्यात, ७ ऑक्टोबरला, चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही७००ची २५ हजार बुकिंग ५७ मिनिटांत झाली. ३० जुलै २०२२ रोजी स्कॉर्पिओ-एनची एक लाख बुकिंग अर्ध्या तासात. वरच्या हिशेबाने दोन शिफ्टमध्ये दिवसाला ९०० गाड्या धरा. अख्खी लाइन फक्त त्याच मॉडेलला दिली, तरी लाखभर गाड्यांना १११ कामाचे दिवस लागतात.

आपले मुहूर्तही यात आहेत. पितृपक्षात डिलिव्हरी घ्यायला फारसं कुणी येत नाही, आणि दसऱ्याला सगळ्यांना एकाच सकाळी किल्ली हवी असते. लाइन मात्र रोज सारख्याच वेगाने चालते. म्हणून पितृपक्षात बनलेल्या गाड्या डीलरच्या यार्डात साठतात, आणि त्या बहुतेक हमखास खपणाऱ्याच असतात. पांढऱ्या, करड्या, मधल्या व्हेरियंटच्या. दसऱ्याला मिळते ती यांतलीच.

तेव्हा शोरूममध्ये नुसतं ‘वेटिंग किती?’ विचारू नका. या व्हेरियंटला, या रंगात, या महिन्यात तुम्हाला किती गाड्या अलॉट झाल्यात आणि माझ्यापुढे कितीजण आहेत, हे विचारा. मावसभावाने शेवटी तसं विचारलं. त्या मुलाने लगेच स्क्रीन वळवून दाखवली. गडद निळ्यात एक गाडी येणार होती आणि पुढे चौघे होते. करड्या रंगात दोन मोकळ्या होत्या. भावाने वहिनींना फोन लावला, आणि संध्याकाळी करड्या गाडीचे पैसे भरले.